‘टर्बो गेला’ या निदानाविषयी

शहापूर तालुक्यातील तानसा धरण १८९२ साली पूर्ण झाले. मुंबईच्या पाणीपुरवठ्यासाठी विहार आणि तुळशी हे तलाव त्यापूर्वीच झाले होते. तानसा हा त्यांच्यामागून आलेला व त्यांच्याहून पुष्कळच मोठा. पावसाळ्यात हा तलाव भरला म्हणजे ‘तानसा ओसंडला’ अशी बातमी वृत्तपत्रांतून येते. धरणावर काम करणारा अभियंता त्याच घटनेविषयी बोलताना ‘सांडवा वाहू लागला’ असे म्हणेल. ही दोन वाक्ये एकाच प्रसंगाची असली तरी त्यांचा अर्थ एक नव्हे. पहिल्यात पाणी आपल्या मनाने बाहेर पडते; दुसऱ्यात त्याला बाहेर पडण्यासाठी मुद्दाम ठेवलेल्या वाटेचे नाव येते. जादा पाण्याला स्वतःची वाट दिली नाही तर ते आपली वाट आपण काढील आणि ती बहुधा भिंतीतून काढील, ही भीती ‘सांडवा’ या लहानशा शब्दाच्या पोटी आहे.

याच तालुक्यातून मुंबई–नाशिक महामार्ग आटगाव, खर्डी ही गावे मागे टाकीत कसाऱ्याच्या घाटाला लागतो, आणि शेजारच्या मुरबाड तालुक्यातून कल्याणचा रस्ता माळशेज घाटाकडे जातो. दोन्ही रस्ते कोकणपट्टीतून सह्याद्री चढणारे. इगतपुरी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे; तेथवर भरल्या गाडीने चढावयाचे तर इंजिनाच्या ताकदीची खरी परीक्षा होते. सपाटीवर झाकून राहिलेला दोष चढावर उघडा पडतो. अशा वेळी गाडी गॅरेजात नेली म्हणजे मेस्त्रीच्या तोंडून जे वाक्य हमखास ऐकू येते ते ‘टर्बो गेला’ हे होय.

या वाक्यातील ‘जाणे’ हे क्रियापद लक्षात घेण्याजोगे आहे. मराठीत दिवा जातो, पंखा जातो, नोकरी जाते, माणूस जातो. या सर्व ठिकाणी ‘गेला’ म्हणजे परत न येण्यासारखा गेला. कोणता भाग बिघडला, कशाने बिघडला, तो दुरुस्त होण्याजोगा आहे काय, यांपैकी एकाही प्रश्नाला या क्रियापदात जागा नाही. म्हणजे ‘टर्बो गेला’ हे वस्तुतः निदान नसून मृत्यूची वार्ता आहे, आणि मृत्यूनंतर उपचार कोणी करीत नाही. नवा टर्बोचार्जर बसविला जातो. पुष्कळदा टर्बोचार्जर धडधाकट असतो. त्याच्यावर नियंत्रण ठेवणारी एक झडप, किंवा त्या झडपेकडे जाणारी वीतभर रबरी नळी बिघडलेली असते. नळी फुटाच्या भावाने मिळते. टर्बोचार्जरची किंमत हजारोंच्या घरात जाते. प्रवासी जीप किंवा भाड्याची मोटार चालवून पोट भरणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हा फरक केवळ शब्दांचा राहत नाही.

टर्बोचार्जरची मूळ कल्पना अल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याची. १९०५ साली त्याने तिचे पेटंट घेतले. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या एक्झॉस्टच्या तप्त वायूत बरीच ऊर्जा शिल्लक असते आणि ती एरवी वाया जाते. त्या वायूच्या वाटेत एक पंख्याचे चाक, म्हणजे टर्बाइन, ठेवले; त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चाक, म्हणजे कॉम्प्रेसर, बसविले; आणि या दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरली, तर तेवढ्याच आकाराचे इंजिन अधिक इंधन जाळून अधिक शक्ती देऊ शकते. लहान मोटारींच्या टर्बोचार्जरमधील दांडा मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. परंतु या व्यवस्थेत एक धोका उपजतच असतो. हवा अधिक भरली की इंधन अधिक जळते. इंधन अधिक जळले की एक्झॉस्टचा वायू वाढतो. वायू वाढला की चाक आणखी वेगाने फिरते आणि हवा आणखी भरली जाते. हे चक्र कोणीतरी मध्येच तोडले पाहिजे. ते तोडणारी झडप टर्बाइनच्या तोंडाशी असते. हवेचा दाब ठरलेल्या मर्यादेला पोचला की ती उघडते आणि काही वायू टर्बाइनला वळसा घालून सरळ सायलेन्सरकडे निघून जातो. प्रवासी मोटारीत ही व्यवस्था १९६२ च्या अमेरिकन ऑल्ड्समोबील जेटफायर या गाडीतच दिसते.

या झडपेचे इंग्रजी नाव ‘वेस्टगेट’. गॅरेजात ते त्याच रूपाने रूढ आहे. परंतु ‘वेस्ट’ म्हणजे वाया गेलेले, टाकाऊ, एवढाच अर्थ मराठी कानाला परिचित असल्याने या नावातून झडपेचे महत्त्व न कळता उलट ती काहीतरी फालतू वस्तू असावी असा ग्रह होतो. वस्तुतः हा शब्द मोटारीच्या जगात जन्मलेला नाही. तलावातील किंवा कालव्यातील जादा पाणी सोडून देणाऱ्या दाराला इंग्रजीत आधीपासून ‘वेस्ट गेट’ म्हणत, आणि धरणाच्या सांडव्याला ‘वेस्ट वियर’. म्हणजे मोटारीच्या अभियंत्याने हे नाव जलशास्त्राकडून उसने घेतले. असे असेल तर मराठीत या झडपेला ‘सांडवा’ म्हणणे हे कविकल्पनेचे काम नव्हे. इंग्रजीने ज्या घरातून शब्द आणला त्याच घराच्या मराठी दाराशी जाण्यासारखे ते आहे. तानशाच्या परिसरात तर हा शब्द समजावून सांगण्याचीही गरज पडू नये. साम्य मात्र फार ताणू नये. धरणात जे पाणी साठते तेच सांडते. येथे राखावयाची असते ती ताजी हवा आणि सांडावयाचा असतो तो जळका वायू. पाणचक्कीचे चाक फार वेगाने फिरू लागले म्हणजे थोडे पाणी चाकाच्या बाजूने सोडून देतात, ते उदाहरण अधिक जवळचे.

आता खऱ्या अडचणीकडे वळता येईल. सांडव्याची झडप एका दांडीने उघडते. ती दांडी एका पत्र्याच्या डबीतून बाहेर आलेली असते. या डबीला ॲक्च्युएटर म्हणतात. तीत एक स्प्रिंग आणि एक रबरी पडदा असतो, आणि डबीला एक बारीक नळी जोडलेली असते. बाहेरून पाहता सर्व डब्या सारख्याच. परंतु त्यांचे दोन प्रकार परस्परविरुद्ध तत्त्वांवर चालतात. पहिल्या प्रकारात स्प्रिंग झडप मिटलेली ठेवते आणि नळीतून आलेला हवेचा दाब ती उघडतो. दुसऱ्या प्रकारात, जो अलीकडच्या कित्येक गाड्यांत आढळतो, स्प्रिंग झडप उघडी ठेवते आणि व्हॅक्यूम पंपाने निर्माण केलेली पोकळी तिला ओढून मिटते. याचा परिणाम असा की, एकच बिघाड, म्हणजे नळी फाटणे, दोन गाड्यांत दोन उलट लक्षणे दाखवितो. पहिल्या गाडीत झडपेपर्यंत दाब पोचत नाही, सांडवा उघडतच नाही, आणि हवेचा दाब मर्यादेबाहेर जातो. दुसऱ्या गाडीत पोकळी निर्माण होत नाही, सांडवा मिटतच नाही, आणि हवेचा दाब पुरेसा चढत नाही. ‘नळी फाटली की असे होते’ असा एकच नियम पाठ केलेला मेस्त्री निम्म्या गाड्यांत चुकतो.

येथे गाडीच्या चालकाची भाषा मेस्त्रीच्या भाषेहून अधिक अचूक ठरते. ‘गाडी ओढत नाही’ असे एक चालक म्हणतो. दुसरा म्हणतो, ‘गाडी ओढते, आणि ओढता ओढता एकदम सोडते.’ पहिल्या वाक्यातील रीतिवर्तमानाचे नकारात्मक रूप सतत टिकणारी अवस्था सांगते: दाब कधी चढतच नाही. दुसऱ्या वाक्यात ‘ओढता ओढता’ या द्विरुक्त कृदंताने क्रिया चालू असल्याचे आणि ‘एकदम सोडते’ याने ती तुटल्याचे सांगितले आहे: दाब चढला, मर्यादा ओलांडली, आणि इंजिनाच्या संगणकाने आत्मरक्षणासाठी इंधन कमी केले. अशा वेळी किल्ली बंद करून पुन्हा चालू केली की बहुधा गाडी काही अंतर नीट चालते, आणि पुढच्या चढावर पुन्हा सोडते. हे दोन चालक दोन निरनिराळे रोग सांगत आहेत. स्कॅनर लावला तर पहिल्याच्या गाडीत पी ०२९९, म्हणजे दाब कमी, आणि दुसऱ्याच्या गाडीत पी ०२३४, म्हणजे दाब जास्त, अशी सांकेतिक नोंद मिळण्याचा संभव आहे. ‘टर्बो गेला’ या एका वाक्यात हे दोन्ही चालक सारखेच बुडतात.

आवाजांचेही तसेच आहे. अनुकरणवाचक शब्दांना व्याकरणग्रंथांत फारशी प्रतिष्ठा नसते, परंतु निदानाच्या कामी त्यांच्याइतका उपयोग दुसऱ्या कोणत्याही शब्दवर्गाचा होत नाही. ॲक्सिलरेटर दाबला की ‘फुसफुस’ किंवा ‘शिट्टी’ ऐकू येते, तेव्हा दाबलेली हवा कोठल्यातरी जोडातून गळत असते. गाडी उभी असताना किंवा ॲक्सिलरेटर सोडल्यावर ‘खुळखुळ’ होत असेल तर सांडव्याच्या झडपेचा खिळा झिजून ती सैल झाली असावी. पेट्रोल गाडीत ॲक्सिलरेटर सोडताक्षणी ‘फडफड’ झाली तर दोष पुढे सांगितलेल्या दुसऱ्या झडपेत शोधावा. आणि ‘खरखर’, किंवा भोंग्यासारखा चढत जाणारा सूर, व त्यासोबत निळसर धूर दिसला, तर मात्र टर्बोचार्जरचा दांडा किंवा त्याचे तेलाचे सील झिजले असण्याची शक्यता बरीच. तेथे मेस्त्रीचे वाक्य खरे ठरू शकते. काळ्या धुराचा अर्थ वेगळा: इंधन आहे, हवा कमी आहे.

ती दुसरी झडप कोणती? पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलचे दार असते. चालकाने पाय काढताच हे दार मिटते, परंतु कॉम्प्रेसरचे चाक वेगात फिरतच असते. दाबलेल्या हवेला पुढे वाट उरत नाही. ती उलटी फिरून चाकावर आदळते, आणि ‘फडफड’ हा त्याचा आवाज. हे टाळण्यासाठी कॉम्प्रेसरच्या बाजूला एक झडप ठेवतात. थ्रॉटल मिटला की ती उघडते आणि दाबलेली हवा वळसा घेऊन कॉम्प्रेसरच्या तोंडाशी परत जाते. इंग्रजीत हिलाही ‘बायपास व्हॉल्व्ह’ म्हणतात, आणि सांडव्याच्या झडपेचे वर्णनही ‘बायपास’ या शब्दानेच केले जाते. गॅरेजच्या बोलीत तर दोन्ही नुसते ‘वॉल’. एक झडप तप्त वायूच्या बाजूची, दुसरी ताज्या हवेच्या बाजूची. एक शक्तीच्या ऐन भरात उघडणारी, दुसरी शक्ती काढून घेतल्यावर उघडणारी. अशा दोन वस्तू एका नावाखाली राहिल्या तर सुटे भाग मागविण्यापासूनच घोटाळा सुरू होतो. पहिलीला ‘सांडवा’ म्हटले तर दुसरीला ‘वळसा-झडप’ म्हणता येईल, कारण हिच्यातून काही सांडत नाही, सर्व परत येते. हौशी तरुण या झडपेची हवा आत परत न नेता बाहेर सोडणारी झडप बसवून घेतात व तिच्या ‘फिस्स’ आवाजावर खूश असतात. तो हिशेबात धरलेली हवा वाटेत सांडण्याचा प्रकार होय. ज्या गाडीत येणारी हवा मोजून इंधन सोडले जाते, तिचा हिशेब त्याने चुकतो.

डिझेल इंजिनात शक्तीचे नियमन इंधन कमीजास्त करून होते, हवेचे दार मिटून नव्हे. म्हणून तेथे वळसा-झडप सहसा नसते. भारतात २०१३ च्या सुमारास फोक्सवागेन पोलो जीटी आणि फोर्ड इकोस्पोर्ट यांसारख्या गाड्यांबरोबर लहान टर्बो-पेट्रोल इंजिने बाजारात आली, आणि २०१७ मध्ये टाटा नेक्सॉनसारख्या गाडीतून ती अधिक सर्वसामान्य झाली. त्यापूर्वी ग्रामीण भागातील मेस्त्रीचा टर्बोशी परिचय झाला तो डिझेल जीप आणि २००७ नंतरच्या स्विफ्टसारख्या डिझेल मोटारींवर. तेव्हा त्याच्या बोलीत एकाच ‘वॉल’ने काम भागत असे, यात त्याचा दोष नाही. शब्दसंपत्ती जुन्या यंत्राच्या मापाची राहिली आणि यंत्र बदलले, एवढेच.

आणखी एक फसवी गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. कित्येक डिझेल गाड्यांत सांडवाच नसतो. त्याऐवजी टर्बाइनभोवती हलत्या पात्यांचे कडे असते. पाती मिटली की वायू जोराने चाकावर जातो, उघडली की त्याचा जोर ओसरतो. या पात्यांना हलविणारी डबी व दांडी अगदी सांडव्याच्या डबी-दांडीसारखीच दिसते. तेथे बिघाड बहुधा काजळी साठून पाती अडकण्याचा असतो. तो झडपेचा समजून डबी बदलली तर खर्च होतो आणि रोग राहतो.

तपासणीचा क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत असा असावा. प्रथम हवेचा फिल्टर आणि इंटरकूलरच्या मोठ्या नळ्या पाहाव्यात. नळीच्या जोडावर तेलाचा ताजा ओघळ व त्यावर चिकटलेली धूळ दिसली तर गळती तेथेच असण्याचा संभव असतो. बेताच्या दाबाची हवा भरून साबणाचे पाणी लावले म्हणजे बुडबुडे येतात. मग बारीक नळ्या. त्या उष्णतेने कडक होऊन टोकाशी चिरतात. चीर नळी वाकविल्याशिवाय दिसत नाही. शेताच्या कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदरांनी कुरतडलेल्या नळ्याही मिळतात.

नळ्या नीट असतील तर डबी. पोकळीवर चालणाऱ्या डबीला हातपंप लावून पोकळी द्यावी: दांडी अडखळत न जाता सरकली पाहिजे, आणि पंप थांबविल्यावर काटा जागेवर राहिला पाहिजे. काटा हळूहळू उतरला तर पडदा फाटला आहे. दाबावर चालणाऱ्या डबीला मोजमापाच्या काट्यासह हवा द्यावी, आणि दांडी कोणत्या दाबाला हलू लागते ते त्या गाडीच्या पुस्तकातील आकड्याशी ताडून पाहावे. या ठिकाणी एक घोर चूक होते. टायरमध्ये हवा भरण्याची नळीच डबीला लावली जाते. गॅरेजच्या टाकीत आठ-दहा बार दाब असतो. डबीचा पडदा एखाद-दीड बारासाठी केलेला असतो. जो पडदा तपासावयाचा तो तपासणीनेच फाटतो, आणि मग निदान खरे ठरते.

त्यानंतर इंजिन पूर्ण थंड असताना दांडी सोडवून झडपेची तरफ बोटाने हलवून पाहावी. ती मोकळी फिरून शेवटी पक्की टेकली पाहिजे. ज्या गाडीत डबीऐवजी विजेची मोटार झडप हलविते तेथे ही कृती बोटाने न करता स्कॅनरच्या आज्ञेने करावी, आणि भाग बदलल्यास झडपेची मिटलेली जागा संगणकाला नव्याने शिकवावी. नळी आणि डबी यांच्यामध्ये विजेवर चालणारी जी लहान सोलेनॉइड झडप असते ती पुष्कळदा विसरली जाते. तिची जोडणी गंजलेली किंवा तोंड धुळीने बुजलेले असले तरी सर्व लक्षणे डबी बिघडल्यासारखीच दिसतात. वळसा-झडप काढून पाहणे सोपे असते: पडदा उजेडासमोर धरला की चीर दिसते. फाटलेल्या पडद्यातून दाबलेली हवा सतत मागे जाते, म्हणून तेथेही ‘गाडी ओढत नाही’ हीच तक्रार येते. सर्वांत शेवटी टर्बोचार्जरचा दांडा. तो बाजूला किंचित हलतो, तेवढे चालते. मागेपुढे सरकू नये, आणि चाकाच्या पात्यांनी घराला घासल्याच्या खुणा असू नयेत. ‘टर्बो गेला’ हे म्हणण्याचा अधिकार या पायरीनंतरचा.

दुरुस्तीबाबत फार सांगण्याजोगे नाही, कारण निदान बरोबर असेल तर ती बहुधा लहान असते. नळी बदलताना त्याच आतील व्यासाची, तेल आणि उष्णता सोसणारी घ्यावी. पेट्रोलची जुनी नळी कापून लावणे किंवा चिकटपट्टी गुंडाळणे हा एका चढापुरता उपाय आहे. कोकणपट्टीच्या पावसात महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत तरफेचा खिळा गंजून अडकतो. तो गंजशोषक तेलाने व पुनःपुन्हा हलवून कित्येकदा सुटतो. परंतु साधे ग्रीस तेथील उष्णतेत जळून जाते आणि त्याची काजळी खिळ्याला नव्याने धरते. झिजून सैल झालेल्या खिळ्यावर मात्र तेलाचा इलाज नाही. तेथे टर्बाइनचे घर किंवा तो संच बदलावा लागतो.

दांडीवर लांबी कमीजास्त करण्याचा एक नट असतो आणि त्यावर पुष्कळदा कारखान्यात रंगाचा ठिपका दिलेला असतो. हा ठिपका तुटलेला दिसला तर पूर्वी कोणीतरी ‘पिकअप वाढवून’ दिला आहे असे समजावे. दांडी आखूड केल्याने सांडवा उशिरा उघडतो, गाडी काही दिवस जोमाने ओढते, आणि चालक त्या मेस्त्रीचे नाव इतरांना सांगतो. पुढे त्याच गाडीचा हेड गॅस्केट जळाला तर तो दुसऱ्याच कोणाच्या गॅरेजात उघडला जातो. डबी बदलताना म्हणून जुन्या दांडीची लांबी मोजून नव्या दांडीवर जशीच्या तशी उतरविण्याची रीत पुरेशी नाही. जुनी लांबी मुळातच बिघडविलेली असू शकते. लांबी गाडीच्या पुस्तकातील दाबाच्या आकड्यावरून ठरवावी, आणि चाचणी सपाट रस्त्यावर न घेता, ज्या चढावर गाडीने सोडले होते त्याच चढावर, तेवढेच वजन घेऊन, स्कॅनरवर अपेक्षित दाब आणि प्रत्यक्ष दाब हे दोन्ही आकडे एकत्र पाहत घ्यावी.